एका निषिद्ध आडनावाची बखर

सन 1603 च्या एप्रिल महिन्याच्या 3 तारखेस एडिंबरोच्या दरबारात मोठी धांदल उडालेली होती. कारण इंग्लंडची राणी एलिझाबेथ 24 मार्च रोजी निवर्तली होती, तिच्या गादीचा वारसा स्कॉटलंडच्या सहाव्या जेम्सकडे आला होता, आणि अवघ्या दोन दिवसांनी हा राजा आपली जन्मभूमी सोडून लंडनच्या वाटेस लागणार होता. दोन राज्यांचे मुकुट एकाच मस्तकावर चढण्याचा असा अपूर्व योग जवळ आलेला असताना राजाच्या मसलतगार मंडळास एका कामाची इतकी निकड वाटली, की ते उरकल्यावाचून राजाने सीमा ओलांडू नये असे त्यांनी ठरविले. ते काम म्हणजे ना कोणता तह होता, ना कोणती स्वारी; ते काम होते एक आडनाव पृथ्वीतलावरून नाहीसे करण्याचे. मॅकग्रेगर हे नाव यापुढे कोणी धारण करू नये, ज्यांचे ते आहे त्यांनी ते टाकून दुसरे घ्यावे, आणि जो कोणी हे मानणार नाही त्याने मृत्युदंडास पात्र व्हावे, अशा आशयाचे फर्मान त्या दिवशी सुटले.

राजाने बंडखोराचा मुलूख जप्त केला, वाडे जाळले, मुलेमाणसे ओलीस ठेवली, अशा कथा कोणत्याही देशाच्या इतिहासात पानोपानी सापडतात. पण शेकडो कुटुंबांचे नावच सरकारजमा करण्याचा हा प्रकार विरळा होय. आपल्याकडे देशमुख, कुलकर्णी, चिटणीस ही आडनावे वतनाच्या आणि हुद्द्याच्या सनदांतून निपजली, आणि कालौघात सनदांना वाळवी लागली तरी आडनावे तेवढी मागे राहिली. मॅकग्रेगरांची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. त्यांच्यापाशी सनद अशी नव्हतीच. होते ते केवळ नाव. म्हणूनच ते हिरावून घेतल्यावर त्यांच्यापाशी काय उरले, आणि जे उरले त्याच्या बळावर ते नाव परत कसे आले, हे पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते.

गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे पुत्र. मॅकग्रेगर म्हणजे ग्रेगरचे वंशज. 'माझा वंश राजवंश आहे' हे या कुळाचे ब्रीदवाक्य, आणि प्राचीन स्कॉटिश राजा केनेथ मॅकआल्पिनच्या घराण्याशी ते आपले नाते सांगतात. या वंशावळीत इतिहास किती आणि अभिमान किती हा वाद बाजूस ठेवला, तरी एवढे निश्चित की स्कॉटलंडच्या पश्चिम डोंगराळ मुलखात ग्लेनॉर्की, ग्लेनस्ट्रे, ग्लेनलायन अशा दऱ्याखोऱ्यांत हे लोक पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते. त्यांची वहिवाट जुनी होती, पण तिला कागदाचा आधार नव्हता. शेजारच्या कॅम्बेल घराण्याने मात्र काळाची पावले ओळखली होती. राजदरबारी वजन खर्च करून त्यांनी एकेका खोऱ्याच्या सनदा आपल्या नावे करून घेतल्या, आणि पाहता पाहता मॅकग्रेगर आपल्याच बापजाद्यांच्या भूमीवर कुळे होऊन राहिले. आमचा हक्क तलवारीचा आहे, असे ते म्हणत. परंतु सोळाव्या शतकात राजाच्या कचेरीत तलवारीचा हक्क नोंदवून घेणारा कारकून उरलेला नव्हता.

या दोन घराण्यांतील वैर केवळ शेताबांधाचे नव्हते, ते एकाच घरात चुलीपर्यंत येऊन पोचले होते. ग्लेनस्ट्रेचा ग्रेगर रॉय मॅकग्रेगर याची पत्नी ग्लेनलायनच्या कॅम्बेलाची लेक होती. तिच्या माहेरच्या भाऊबंदांपैकी ग्लेनॉर्कीच्या कॉलिन कॅम्बेलने तिच्या नवऱ्याला पकडून 7 एप्रिल 1570 रोजी टे सरोवराच्या काठी त्याचा शिरच्छेद करविला. त्या तरुण विधवेच्या तोंडी असलेले विलापगीत गेलिक मुलखात आजही गायिले जाते, आणि विशेष हे की त्याला अंगाईची चाल आहे. मांडीवरच्या मुलाला थोपटीत, त्याच्या बापाला मारणाऱ्या स्वतःच्या माहेराला शाप देणारी ती आई डोळ्यांपुढे आणली म्हणजे नाव पुढे चालते ते कोणाच्या आधाराने, याचा पहिला उलगडा होतो.

पुढे 1589 साली राजा जेम्सचा विवाह डेन्मार्कच्या राजकन्येशी ठरला, तेव्हा मेजवानीसाठी हरणे मारून आणण्याकरिता ग्लेनआर्टनीच्या राजवनाचा रखवालदार जॉन ड्रमंड रानात शिरला आणि तेथे त्याचा खून झाला. मारेकऱ्यांनी त्याचे शीर बाल्क्विडरच्या देवळात नेले. मॅकग्रेगरांचा तरुण प्रमुख ॲलास्टेअर आणि त्याचे भाऊबंद तेथे जमले, आणि त्या शिरावर एकेकाने हात ठेवून, हा खून सर्व कुळाचा आहे, त्याची जबाबदारी आम्हा सर्वांची आहे, अशी शपथ घेतली. अपराध्याला पाठीशी घालण्याची ही रीत आपल्या न्यायबुद्धीस मानवणार नाही. आणि त्या रानातल्या रखवालदाराच्या घरच्यांवर काय प्रसंग गुदरला असेल, याचाही विसर पडू देता कामा नये. मॅकग्रेगर निरपराध होते असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. ज्यांची जमीन गेली त्यांनी गुरे वळविली, गुरे वळविण्यात रक्त सांडले, रक्तातून नवा गुन्हा उभा राहिला. आणि प्रत्येक गुन्ह्यागणिक त्यांच्या शत्रूंच्या हाती राजाची मोहोर असलेला एकेक नवा कागद पडत गेला.

या मालिकेचा शेवट लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रुइन नावाच्या खिंडीत झाला. लसच्या कहून घराण्याशी मॅकग्रेगरांचा तंटा जुनाच होता. 1602 च्या डिसेंबरात त्यांनी कहूनांच्या मुलखात धाड घातली, तेव्हा कहूनांच्या बायकांनी मृतांचे आणि जखमींचे रक्ताळलेले सदरे भाल्यांवर लावून स्टर्लिंग येथे राजासमोर नेले, असे सांगतात. रक्त पाहून जेम्सच्या अंगावर शहारे येत. त्याने कहूनांना शस्त्र धरण्याची मोकळीक दिली. परंतु 7 फेब्रुवारी 1603 रोजी ग्लेन फ्रुइनमध्ये गाठ पडली तेव्हा संख्येने अधिक असलेले कहूनच अरुंद खिंडीत दोन्ही तोंडांनी कोंडले गेले. पुढे झालेल्या खटल्याच्या कागदांत मेलेल्यांची संख्या 140 दिली असून, लुटून नेलेली 600 गायीगुरे, 800 शेळ्यामेंढ्या आणि 280 घोडे हेही त्यात नोंदलेले आहे. या विजयाने मॅकग्रेगरांचा सर्वनाश केला. पुरते दोन महिनेही लोटले नाहीत तोच ते 3 एप्रिलचे फर्मान निघाले.

कुळप्रमुख ॲलास्टेअर याचा शेवट या बखरीतील सर्वांत करुण प्रकरण होय. आर्गाइलचा अर्ल हा कॅम्बेलांचा श्रेष्ठ, आणि मॅकग्रेगरांना काबूत ठेवण्याचा राजाचा मुखत्यार. त्याने ॲलास्टेअरला कौल दिला, की तू माझ्या स्वाधीन हो, मी तुला सुखरूप इंग्लंडच्या भूमीवर पोचवितो. ॲलास्टेअर विश्वासला. अर्लच्या माणसांनी त्याला सरहद्द ओलांडून इंग्लंडच्या भूमीवर नेऊन उभे केले, आणि वचनाचे अक्षर अशा रीतीने पाळल्यावर त्याच पावली मागे फिरवून एडिंबरोला आणले. 20 जानेवारी 1604 रोजी शहराच्या भर चौकात आपल्या सोबत्यांसह तो फासावर चढला. आणि तो प्रमुख म्हणून त्याचा फास इतरांहून एक पुरुष उंच बांधण्यात आला. मरणापूर्वी दिलेल्या जबानीत त्याने सांगितले, की शेजाऱ्यांशी भांडण्याची चिथावणी मला त्याच अर्लने दिली होती. ही जबानी दफ्तरात आजही शाबूत आहे. ज्याचे नाव मिटविण्याची आज्ञा झाली होती, त्याचे बोलणे त्याच सरकारच्या कारकुनाने लिहून ठेवले, हा इतिहासाचा न्याय म्हटला पाहिजे.

यानंतरच्या वर्षांत एकामागून एक हुकूम सुटत गेले. ग्रेगर कुळातील चारांहून अधिक माणसांनी एकत्र जमू नये. जेवताना मांस कापण्यापुरती बोथट टोकाची सुरी, तीहून अधिक शस्त्र त्यांनी बाळगू नये. 1633 च्या कायद्याने तर धर्मोपदेशकांना ताकीद मिळाली, की कोणत्याही मुलास ग्रेगर या नावाने बाप्तिस्मा देऊ नये. आणि लेखनिकांनाही, की या नावाने कोणताही करार वा दस्तऐवज करू नये. हा शेवटचा घाव वर्मी लागणारा होता, कारण त्यामुळे त्या नावाच्या माणसाला ना कर्ज काढता येत होते, ना जमीन खंडाने घेता येत होती, ना मृत्युपत्र करता येत होते. तेव्हा मॅकग्रेगर पांगले. कोणी मरे झाला, कोणी ड्रमंड, कोणी स्ट्यूअर्ट, कोणी ग्रॅहॅम. आणि पुष्कळांना ज्यांच्यामुळे हे सारे ओढवले त्या कॅम्बेलांचेच नाव धारण करावे लागले.

परंतु नावे बदलूनही माणसे हरवली नाहीत, आणि याचे श्रेय एका अर्थी सरकारी दफ्तरालाच द्यावे लागते. एखाद्या कॅम्बेलाला पकडायचे तर तो कोणता कॅम्बेल हे सांगणे प्राप्तच असे, आणि ते सांगायचे तर निषिद्ध नाव उच्चारल्यावाचून गत्यंतर नसे. मग पकडहुकूम, तोहमतनामे, जामीनकतबे या साऱ्यांत एक नाव, त्यापुढे 'उर्फ', आणि त्यापुढे मॅकग्रेगर, अशी ओळ येऊ लागली. ज्या राज्याने हे नाव ओठांवर आणणे गुन्हा ठरविले, त्याच राज्याच्या लेखण्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या कागदावर जिवंत ठेवले. घरोघरी तर ते जिवंत होतेच. बाजारात मरे असलेला माणूस चुलीपाशी ग्रेगरचा पुत्रच होता. राजाच्या बाजूने लढल्याबद्दल 1661 साली दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठविली, 1693 साली विल्यमच्या राज्यात ती पुन्हा लादली गेली. या उठाठेवीत नावाचे मूळ काही उपटले गेले नाही.

नाव थोडे वाकवून घेतलेली एक शाखा ॲबर्डीनच्या बाजूस ग्रेगरी म्हणून नांदत होती, आणि तिच्यात विद्येचा असा काही प्रवाह वाहिला की त्याला तोड नाही. जेम्स ग्रेगरी हा 1638 साली जन्मला; पंचविसाव्या वर्षी, 1663 साली, त्याने प्रकाशशास्त्रावरील आपल्या ग्रंथात आरशाच्या दुर्बिणीची रचना मांडली, आणि पुढे सेंट अँड्रूज व एडिंबरो येथे गणिताचे अध्यापन करून 1675 साली तो अकाली वारला. त्याचा पुतण्या डेव्हिड ऑक्सफर्डला ज्योतिषाचा प्राध्यापक झाला, आणि पुढच्या पिढ्यांनी नामांकित वैद्य दिले. सर वॉल्टर स्कॉटने एक हकीकत नोंदली आहे, की 1715 च्या बंडाच्या सुमारास रॉब रॉय मॅकग्रेगर ॲबर्डीनला या ग्रेगरींकडे उतरला असता, यजमानाच्या आठनऊ वर्षांच्या मुलाची चलाखी पाहून, याला डोंगरात माझ्यापाशी पाठवा, मी त्याचा मर्द गडी करतो, असे तो म्हणाला. आणि प्राध्यापक महाशयांना ही पाहुणचाराची परतफेड नाकारताना मोठी पंचाईत पडली. एकाच बीजाचे दोन वृक्ष त्या दिवशी एका छपराखाली बसले होते.

हा रॉब रॉय म्हणजे या नावाचा सर्वांत विख्यात धनी. 1671 साली कॅट्रिन सरोवराच्या माथ्यावरील ग्लेनगाइल येथे तो जन्मला. 'रॉय' म्हणजे तांबडा. केसांवरून पडलेले ते नाव. बंदी पुन्हा आली तेव्हा त्याने आईच्या माहेरचे कॅम्बेल हे आडनाव घेतले आणि गुरांचा व्यापार मांडला. बडे लोक त्याला पैसे देत, तो डोंगरात गुरे विकत घेऊन सखल प्रदेशात विकी. 1712 साली हा व्यवहार बुडाला, आणि एडिंबरोच्या वृत्तपत्रात जाहिरात आली, की सामान्यतः रॉब रॉय मॅकग्रेगर या नावाने ओळखला जाणारा रॉबर्ट कॅम्बेल हा सरदार व गृहस्थ मंडळींचे 1000 पौंड घेऊन पळाला आहे. मॉन्ट्रोजच्या ड्यूकने त्याची जमीन बळकावली, त्याच्या बायकोला घराबाहेर काढले. आणि मग रॉबने उरलेले आयुष्य त्या ड्यूकच्या गुराढोरांवर आणि वसुलावर हात मारण्यात घालविले. 28 डिसेंबर 1734 रोजी तो बाल्क्विडरच्या परिसरात आपल्या अंथरुणावर शांतपणे मेला, आणि ज्या गावच्या देवळात त्याच्या पूर्वजांनी ती भयंकर शपथ घेतली होती, त्याच देवळाच्या अंगणात त्याला मूठमाती मिळाली.

अखेरीस 1774 साली पार्लमेंटाने बंदी कायमची रद्द केली. 1603 पासून 171 वर्षे लोटली होती, आणि मधली थोडी वर्षे सोडली तर सहासात पिढ्या उर्फाच्या आडोशाने जगल्या होत्या. आता प्रश्न उभा राहिला, की या पांगलेल्यांचा प्रमुख कोण? तेव्हा 826 जणांनी आपापली खरी ओळख जाहीर करून एका कागदावर सह्या केल्या आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या लष्करात मोठ्या हुद्द्यावर असलेल्या जॉन मरे या गृहस्थास आपला प्रमुख मानले. सनदेवाचून भूमी गमावलेल्या या कुळाचा पहिला मोठा कागद हा असा आपल्याच माणसांनी आपल्या हाताने लिहिला.

परत मिळालेल्या नावाला नवे तेज आले, तसा डागही लागला. 1786 साली जन्मलेला ग्रेगर मॅकग्रेगर दक्षिण अमेरिकेत बोलिव्हारच्या बाजूने स्पेनशी लढून सेनापतिपदास चढला. पण पुढे लंडनला येऊन त्याने मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर 'पोयाइस' नावाचे आपले राज्य असल्याची बतावणी केली, त्या नसलेल्या राज्याच्या नावे 1822 साली 2 लाख पौंडांचे कर्जरोखे विकले आणि तेथील जमिनीचे कागद आपल्याच देशबांधवांच्या गळ्यात बांधले. सुमारे 250 माणसे दोन गलबतांतून तेथे गेली. त्यांना आढळले ते निर्जन अरण्य, आणि त्यांतील बहुसंख्य तापाने व उपासमारीने मेली. ज्या कुळाला खऱ्या भूमीचा कागद कधी मिळाला नाही, त्यातील एकाने खोट्या भूमीचे कागद विकून गरिबांचे प्राण घ्यावेत, हे वाचताना मन विषण्ण होते.

आणि येथेच ही बखर आपल्या तापीकाठी येऊन पोचते. 21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला आणि मंदसोरच्या तहाने खानदेशचा मुलूख इंग्रजांकडे गेला. तो ताब्यात घेण्यासाठी दक्षिणेकडे वळलेली सर टॉमस हिस्लॉपची फौज 27 फेब्रुवारी 1818 रोजी थाळनेरच्या किल्ल्यापुढे येऊन ठाकली. किल्लेदार तुळशीराम मामा. एका बाजूस तापीचे पात्र, दुसऱ्या बाजूस एकामागून एक दरवाजे, आत सुमारे 300 शिबंदी, बहुतेक अरबांची. तोफांचा मारा सुरू झाल्यावर किल्लेदार बाहेर येऊन स्वाधीन झाला; परंतु सर्वांत आतल्या दरवाजाची शिबंदी खळखळ करीत राहिली. शेवटी दिंडी उघडली, तेव्हा तंटा मिटला असे समजून काही इंग्रज अंमलदार मोजक्या शिपायांसह आत शिरले. आत काय समज झाली, कोणत्या भाषेत कोणाचे शब्द कोणाला कळले नाहीत, हे आज निश्चित सांगता येत नाही. क्षणात जंबिये निघाले. मेजर गॉर्डन ठार झाला, कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाला, आणि तलवार म्यानातून काढण्यापूर्वीच अनेक वार लागून एक लेफ्टनंट कर्नल खाली कोसळला. त्या जखमी अंमलदाराचे नाव मॅकग्रेगर मरे. 826 जणांनी निवडलेल्या त्या जॉन मरेचा हा मुलगा एव्हन.

एकाच दिंडीत त्या दिवशी एकाच नावाची दोन माणसे पडली. एकाचे आडनाव मोकळे होते, दुसऱ्याच्या आडनावाला अजून मरेची जोड होती. याच सुमारास, 1817 च्या डिसेंबरअखेर, स्कॉटची 'रॉब रॉय' ही कादंबरी प्रसिद्ध होऊन इंग्लंड-स्कॉटलंडच्या घरोघरी वाचली जात होती, आणि एके काळचे ते निषिद्ध नाव लोकांच्या कौतुकाचा विषय बनले होते. थाळनेरला मात्र काय घडले? चिडलेल्या फौजेने सारी शिबंदी कापून काढली, आणि आधीच स्वाधीन झालेल्या किल्लेदारास हिस्लॉपने त्याच दिवशी फासावर चढविले. या फाशीची चर्चा पुढे पार्लमेंटात झाली, आणि फौजेचे आभार मानताना थाळनेरची बाब त्यातून वगळण्यात आली. ॲलास्टेअर स्वाधीन झाला आणि फासावर गेला. दोनशे वर्षांनी तुळशीराम मामा स्वाधीन झाला आणि फासावर गेला. फरक एवढाच, की ॲलास्टेअरची जबानी कोणी लिहून घेतली होती.

एव्हन वाचला. 1822 साली वडिलांच्या पश्चात तो कुळप्रमुख झाला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टात चौथा जॉर्ज एडिंबरोला आला तेव्हा स्कॉटलंडचा प्राचीन मुकुट, तलवार आणि राजदंड किल्ल्यातून राजवाड्यात नेताना पहाऱ्याचा मान त्याच्या मॅकग्रेगरांना मिळाला. ज्यांना बोथट सुरीपलीकडे शस्त्र बाळगण्याची मनाई होती, त्यांच्या नंग्या तलवारींच्या आश्रयाने राजमुकुट रस्त्यातून गेला. त्या वर्षाच्या डिसेंबरात राजाच्या परवान्याने एव्हनने मॅकग्रेगर हे आडनाव विधिपूर्वक परत घेतले. पुढे तो वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्याच कारकीर्दीत 1 ऑगस्ट 1838 रोजी तेथील काळ्या गुलामांची उरलीसुरली बांधिलकी संपली. आफ्रिकेतून आणलेल्या त्या माणसांच्या पूर्वजांचीही नावे मालकांनी पुसून टाकली होती. पण त्यांना परत देण्यासाठी ती कोणत्याही दफ्तरात लिहिलेली नव्हती. 1841 साली एव्हन तेथेच वारला.

कुळाला नाव परत मिळाले ते राजाच्या कृपेने नव्हे. अंगाईच्या चालीत विलाप करणाऱ्या आईने, चुलीपाशी खरे नाव सांगणाऱ्या बापाने, आणि उर्फ लिहिल्यावाचून चालत नसलेल्या कारकुनाने ते राखले होते. नाव राहते ते असे कोणी तरी सांगणारा आणि कोणी तरी लिहिणारा असेल तर. थाळनेरच्या त्या शेवटच्या दरवाजाच्या आत पडलेले अरब हेही आपल्या गावातून, आपल्या कबिल्याची नावे घेऊनच समुद्र ओलांडून आले असतील. त्यांच्या किल्लेदाराचे नाव राहिले, त्यांना मारण्यास आलेल्यांची नावे राहिली. त्यांच्यापुरते मात्र कागदावर 300 एवढा आकडा आहे.